वेबपानाला रंग देताना या चुका टाळा

“पान पिवळं करायचं होतं, सगळं काळं झालंय. अक्षरंही दिसत नाहीत.” एका वाचनालयाचं वेबपान सांभाळणाऱ्या मुलीचा हा फोन. तिनं ओळ वाचून दाखवली: बॉडी टॅग (पूर्ण पान व्यापणारी खूण), त्यात बीजीकलर (मागचा रंग सांगणारा गुणधर्म), पुढे अवतरणात येलो. ऐकायला सगळं बरोबर. मग स्क्रीनशॉट मागवला आणि घोळ दिसला. ओळ तिनं लेखनाच्या एका सॉफ्टवेअरमधून उचलून चिकटवली होती आणि त्या सॉफ्टवेअरनं सरळ अवतरणचिन्हांची वाकडी, छापील वळणाची चिन्हं करून टाकली होती.

ब्राउझरला वाकडं अवतरण हे अवतरण वाटतच नाही. तो ते रंगाच्या नावाचाच भाग धरतो आणि असा रंग त्याच्या यादीत नसतो. पण बीजीकलर हा १९९७ च्या एचटीएमएल ३.२ (पान लिहायच्या भाषेची एक आवृत्ती) मधला जुना गुणधर्म, आणि त्याचा नियम असा की नाव कळलं नाही तरी त्यातून काहीतरी रंग काढायचाच. हेक्समध्ये, म्हणजे रंग सांगायच्या सोळा चिन्हांच्या आकडेपद्धतीत, शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढीच चिन्हं चालतात. जे बसत नाही तिथे शून्य. येलोच्या सहा इंग्रजी अक्षरांत फक्त ई बसतं, बाकी पाच शून्यं, दोन्ही बाजूंच्या अवतरणांची आणखी दोन. झाली आठ घरं. तीनने भाग जावा म्हणून शेवटी एक शून्य जोडलं जातं आणि लाल, हिरवा, निळा असे तीन तुकडे पडतात: ००ई, ०००, ०००. प्रत्येकातलं पुढचं शून्य गळतं. उरतो लाल १४ (हेक्समधला ई म्हणजे १४), हिरवा ०, निळा ०. डोळ्याला तो काळाच, आणि त्यावर काळी अक्षरं.

म्हणून कोड नेहमी साध्या नोटपॅडमध्ये लिहा आणि चिकटवल्यावर अवतरणं स्वतःच्या हातानं पुन्हा टाइप करा. रंग भलताच दिसला की आधी इथेच बघा.

सीएसएस ही पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा. तिचा स्वभाव याच्या उलट. तिथे किंमत चुकली की ती ओळ गुपचूप सोडून दिली जाते आणि पान होतं तसंच राहतं. बीजीकलरमध्ये हॅशशिवाय (# न लावता) ३३३३३३ लिहिलं तरी चालून जातं. तेच स्टाइलमध्ये हॅश विसरून लिहिलं तर, पानाच्या सुरुवातीला डॉकटाइप (पान कोणत्या नियमांनी वाचायचं ते सांगणारी ओळ) असेल तेव्हा, काहीच होत नाही. जुन्या पानातून नव्यात ओळी नेताना हे हमखास घडतं.

लिहिलेला रंग लागतच नाही

इथे लोक रंग बदलत बसतात. पिवळा नाही लागला म्हणून निळा, निळा नाही लागला म्हणून लाल. तसं करू नका. पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा, तो भाग निवडा आणि तुमची ओळ तिथे आहे का ते पाहा. ओळ आहे पण खोडलेली दिसते, याचा अर्थ बहुधा दुसऱ्या नियमानं तिला हरवलंय. ओळ मुळी नाहीच, याचा अर्थ ती वाटेतच गळाली. दोन्हींचे उपाय वेगळे.

हरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टेम्प्लेटचं (पानाच्या तयार साच्याचं) सीएसएस. बीजीकलरसारख्या गुणधर्माचं वजन इतकं कमी की त्याच खोक्याला रंग देणारा सीएसएसचा साधासा नियमही त्याच्यावर मात करतो. तोच रंग स्टाइल गुणधर्मात बॅकग्राउंड-कलर म्हणून लिहिला तर बहुतेक वेळा काम होतं. समोर इम्पॉर्टंट (हाच नियम पाळा असं सांगणारी खूण) लावलेला नियम असेल तरच अडतं.

गळण्याचं कारण बहुधा एडिटर, म्हणजे पान जिथे लिहितो ते साधन. मजकुराच्या मधेच नवा बॉडी टॅग टाकून पूर्ण पान रंगवायचा प्रयत्न पुष्कळजण करतात. पान एकच, बॉडीही एकच. दुसरा बॉडी टॅग आला तर ब्राउझर त्यातले गुणधर्म पहिल्याला जोडतो, तेही पहिल्यात ते आधीच नसतील तरच. शिवाय अनेक एडिटर तो टॅग सेव्ह करतानाच काढून टाकतात. त्यापेक्षा आपला मजकूर एका डिव्हमध्ये (चौकटीच्या टॅगमध्ये) गुंडाळा, त्या डिव्हला रंग आणि थोडं पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. पूर्ण पान नाही, पण आपला भाग तरी खात्रीनं रंगतो.

रंग अर्ध्या पानापर्यंतच येऊन थांबत असेल तर टेम्प्लेटनं एचटीएमएल टॅगला वेगळा रंग दिलाय का ते बघा. दिला असेल तर बॉडीचा रंग मजकूर संपतो तिथेच संपतो. बॉडीला मिन-हाइट (किमान उंची) १०० व्हीएच, म्हणजे पडद्याइतकी, दिली की तो खालपर्यंत भरतो.

चित्र मागे लावताना

स्वतःच्या कॉम्प्युटरवर चित्र दिसतं आणि सर्व्हरवर दिसत नाही, तेव्हा फाइलचं नाव तपासा. शेवटी कॅपिटलमध्ये जेपीजी आणि कोडमध्ये स्मॉल, हे विंडोजवर खपतं, लिनक्स सर्व्हरवर नाही. पत्ता सी ड्राइव्हचा तर नाही ना, तेही बघा. सीएसएस वेगळ्या फाइलमध्ये असेल तर चित्राचा पत्ता त्या फाइलपासून मोजला जातो, पानापासून नाही.

आणि एक खाच आहे. वर बॅकग्राउंड-कलर लिहून खाली नुसतं बॅकग्राउंड लिहून चित्र दिलं, तर खालची ओळ वरचा रंग पुसून टाकते. चित्र उशिरा आलं किंवा आलंच नाही तर मागे काहीच उरत नाही. रंग आणि चित्र एकाच ओळीत द्या, किंवा चित्रासाठी बॅकग्राउंड-इमेज वापरा.

अक्षर वाचता येतंय का?

मला सगळ्यात जास्त कळकळ याची आहे. उत्सव मंडळांच्या आणि गावांच्या पानांवर भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं हौसेनं लावलेली असतात. हेक्समधला एफएफ९९३३ हा भगवा घेतला तर पांढऱ्याशी त्याचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) जेमतेम २.१ भरतो. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या निकषांत साध्या अक्षरांना किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ लागतो. त्याच भगव्यावर काळं अक्षर ठेवा, आकडा साडेनऊच्या वर जातो. पांढऱ्यावर करडं अक्षर हवं असेल तर ७७७७७७ थोडक्यात नापास होतो, ४.४८, ७६७६७६ पास होतो, ४.५४.

देवनागरीत याची झळ जास्त बसते. अनुस्वार हा एक ठिपका. मागे फोटोची गिचमिड असेल तर तो त्यात हरवतो आणि ‘मंद’चं ‘मद’ होतं. फोटो फिका करायला डिव्हला ओपॅसिटी (पारदर्शकता कमी-जास्त करणारा गुणधर्म) देऊ नका, कारण आतली अक्षरंही तेवढीच फिकी होतात. अक्षरांमागे आरजीबीएनं (रंगासोबत पारदर्शकताही सांगायची पद्धत) अर्धपारदर्शक पांढरा थर घाला. फोटो मंदावतो, अक्षर ठसठशीत राहतं.

बॅकग्राउंड द्याल तेव्हा अक्षराचा रंगही त्याच ठिकाणी द्या. एक तुमचा आणि एक टेम्प्लेटचा, अशी जोडी कधीतरी दगा देतेच.

सगळं ठीक असूनही जुनाच रंग दिसत असेल तर कंट्रोल आणि एफ५ दाबा. कॅशमधली (ब्राउझरनं साठवलेली) जुनी फाइल जाऊन नवी येईल. वाचनालयासारख्या पानाची प्रिंट काढून फलकावर लावणार असाल तर लक्षात घ्या, ब्राउझर बॅकग्राउंड सहसा छापत नाहीत. प्रिंटच्या खिडकीत बॅकग्राउंड ग्राफिक्सवर खूण करावी लागते.