घोटाळ्याची फाईल हाती लागली? पत्रकाराला पाठवायच्या आधी हे वाचा

सरकारी नोकरीत आहात, समोर फाईल आलीये, पैसे खाल्लेले ढळढळीत दिसतायत, आणि हात आपोआप मोबाईलकडे जातो की फोटो काढू आणि ओळखीच्या पत्रकाराला टाकू. जरा थांबा.

आधी आत नेमकं काय आहे ते बघा, 'गोपनीय'चा शिक्का काय, कशावरही मारतात. संरक्षण किंवा परराष्ट्र खात्यातलं काही असेल तर १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट अजून लागू आहे, कलम ५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, आणि कागद घेणारापण अडकू शकतो. साधा टेंडरचा कागद असला तरी वर्तणूक नियम आहेतच (केंद्राचे १९६४ चे, महाराष्ट्राचे १९७९ चे), म्हणजे सस्पेन्शन नाहीतर विभागीय चौकशी मागे लागू शकते. पत्रकार म्हणेल तुझं नाव येणार नाही, मनापासून म्हणेलही, पण १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यातलं संरक्षण कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतंच आहे, कोर्टाने विचारलं तर विषय वेगळा.

केंद्राच्या खात्यात, सरकारी बँकेत किंवा पीएसयूत (सरकारी कंपनीत) असाल तर पीआयडीपीआय तक्रार करा, म्हणजे तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून भ्रष्टाचार कळवायची सरकारी सोय. हे आलं २००४ मध्ये, हायवे प्राधिकरणातले इंजिनिअर सत्येंद्र दुबेंच्या खुनानंतर. हायवेच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा असं सांगूनही पत्र नावासकट फिरलं आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांना गोळ्या घातल्या.

म्हणून पाकीट नीट करा. बंद पाकीट, वर ठळक 'पीआयडीपीआय' लिहायचं, पत्ता सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. पाकिटावर स्वतःचं नाव अजिबात नको, पण आत हवंच, निनावी तक्रार घेत नाहीत. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर लिहिलेला बरा. आणि मजकूर असा लिहा की वाचून तुम्ही कोण ते कळू नये, 'मी या टेबलला असताना' वगैरे लिहिलंत की संपलं, साहेब दोन मिनिटांत ओळखतील. ईमेल करू नका, तिथे ओळख गुप्त राहत नाही. पोच येत नाही, म्हणून परत परत पत्रं पाठवत बसू नका. स्वतःच्या बदली-प्रमोशनचं रडगाणं यात घालू नका, त्यासाठी हे नाहीये.

व्हिसलब्लोअर कायदा आहे ना, असं कोणी सांगेल. २०१४ ला झाला, पण लागूच केलेला नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

पत्रकाराला मात्र आरटीआयने तोच कागद उघड मागता येतो, १० रुपयांत. कलम ८(२) म्हणतं जनहित मोठं असेल तर गोपनीय कागदही देता येतो, आणि राफेल विमान खरेदीच्या निकालात २०१९ ला सुप्रीम कोर्टाने याच कलमाचा आधार घेतला होता.

राज्य सरकारात असाल तर वरचं पाकीट चालणार नाही, लोकायुक्त किंवा एसीबीकडे (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे) जा. कोणी लाच मागत असेल तर एसीबीचा हेल्पलाईन नंबर १०६४ लावा, आणि पैसे द्यायच्या आधी लावा, दिल्यावर सापळा कसला लावणार.