बर्फ, ताडपत्री आणि फाटकाची चावी: शाळेचा फुटबॉल संघ सांभाळताना

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत संघासोबत अॅथलेटिक ट्रेनर असतो. तो कोच नसतो. सरावाआधी घोट्याला टेप लावणं, मैदानावर दुखापत तपासणं, नंतर व्यायाम करवून खेळाडूला परत उभं करणं ही त्याची कामं. ‘हा आज खेळणार नाही’ असं त्याने म्हटलं की तो मुलगा बाहेर बसतो. आपल्याकडे गोव्यात हे सगळं पीटीच्या सरांच्या किंवा मॅडमच्या गळ्यात असतं, आणि संघही तेच निवडतात. सामना बरोबरीत, दहा मिनिटं उरलेली, स्ट्रायकर डोकं धरून बसलेला. अशा वेळी एकाच माणसाकडून नीट निर्णय होत नाही. म्हणून मोसमाआधी दुसऱ्या एका शिक्षकाला खेळाडू बाहेर काढण्याचा अधिकार द्या आणि मुख्याध्यापकांकडून तसं लेखी घ्या. विज्ञानाच्या मॅडम चालतील. त्यांना फुटबॉलचं वेड नसेल तर उत्तमच.

आधी कागद

प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. १०८ला फोन कोण करणार, रस्त्यावर उभं राहून रुग्णवाहिकेला वाट कोण दाखवणार, पालकांना कोण कळवणार, फाटकाची चावी कुणाकडे आणि मैदानाचा पत्ता काय, हे त्यावर हवं. घोटाळा होतो तो पत्त्यात. आपली कितीतरी मैदानं ‘देवळाकडचं’ किंवा ‘कपेलामागचं’ (कपेल म्हणजे छोटं चर्च) एवढ्यावरच ओळखली जातात, आणि कपेलं एका गावात चार असतात. गाव, वाडा, पंचायत आणि हमरस्त्यावरून दिसणारी एक खूण लिहा. गुरं शिरू नयेत म्हणून फाटकाला साखळी असते आणि चावी भलत्याच्याच घरी, हेही आधी तपासा. भात कापल्यावर शेतात सराव करत असाल तर गाडी कुठवर येते ते पाहून ठेवा. मेरेवरून (शेताच्या बांधावरून) स्ट्रेचर न्यायला चार धट्टीकट्टी माणसं लागतात.

ऊन नव्हे, दमटपणा

गोव्यात पारा नागपूरसारखा चढत नाही, म्हणून उष्माघात इथला नव्हे असा समज आहे. पण ३३ अंश आणि दमट हवा ही जोडी फसवी. घाम येतो, पण वाळत नाही. आणि तो वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. सुटीवरून आलेल्या मुलाच्या शरीराला या हवेत पळायची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या दिवशी ४५ मिनिटं हलका सराव पुरे, मग रोज थोडं वाढवा. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं या दिवसांत बंदच ठेवा: ज्याला फेऱ्या पडतात तो बहुधा वजनदार, मागे पडणारा मुलगा असतो आणि धोका त्यालाच जास्त. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्यालाही तेच लागू.

दर १५ ते २० मिनिटांनी पाण्यासाठी थांबा. सरावाआधी आणि नंतर वजन करा. ५० किलोच्या मुलाचं वजन एक किलोने उतरलं तर वजनाच्या २ टक्के पाणी अंगातून गेलं. त्याने पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर थोडंथोडं प्यावं. उकड्या तांदळाची पेज मिठासकट उत्तम, कोकमाचं सरबतही चालेल. ओआरएसचं मोठं पाकीट मात्र एक लिटर पाण्यातच घाला. अख्खं पाकीट एका पेल्यात ढवळून पाजलं तर फायद्याऐवजी उलटी-जुलाब.

उष्माघात ओळखायचा तो वागण्यावरून. मुलगा चुकीच्या दिशेने पळतो, असंबद्ध बोलतो, उगाच भांडतो, झोकांड्या खातो. ‘अंग घामाने भिजलंय, मग उष्माघात कसा?’ ही चूक महागात पडते. पळताना आलेल्या उष्माघातात घाम चालूच असतो. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नका, तो आतलं तापमान कमी दाखवतो.

इथे क्रम महत्त्वाचा: आधी थंड करा, मग हलवा. १०८ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत काम सुरू ठेवा. पावसाळ्यात घरावर घालतो ती निळी ताडपत्री सावलीत पसरा, मुलाला तिच्यावर झोपवा, बूट-जर्सी काढा. चौघांनी कडा उचलून पाळणा करायचा, एकाने डोकं पाण्याबाहेर धरायचं, बाकीच्यांनी पाणी आणि बर्फ ओतून हाताने सतत ढवळायचं. ऐंशी-शंभर लिटर पाणी लागतं. एवढा बर्फ आणायचा कुठून? मासळी बाजारातून. सामन्याच्या सकाळी थर्मोकोलची एक पेटी फोडलेला बर्फ भरून आणा, फक्त तो प्यायच्या पाण्यात जाऊ देऊ नका. साधारण १५ मिनिटांनी किंवा मुलगा कुडकुडू लागला की थांबा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

डोक्याला लागलं तर

मेंदूला हादरा बसायला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. बॉलचा, कोपराचा किंवा जमिनीचा मार बसल्यावर चेहरा कोरा दिसला, हालचाल मंदावली, तर मुलाला बाहेर घ्या आणि विचारा: हे मैदान कुठलं? हाफ पहिला की दुसरा? शेवटचा गोल कुणी केला? एक जरी उत्तर अडखळलं तर त्या दिवशीचा खेळ संपला. उत्तरं बरोबर आली पण डोकं दुखतंय, गरगरतंय, उजेड सहन होत नाही, तरीही संपला. ‘पाच मिनिटं बसून बघतो’ हा पर्याय नाही, कारण लक्षणं कधी कधी काही तासांनी येतात आणि मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो जास्त घातक ठरतो.

वारंवार उलटी, वाढतं डोकं दुखणं, मान दुखणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, हातापायात मुंग्या किंवा झटका आला तर १०८. मान दुखत असेल तर मुलाला बसवूसुद्धा नका. डोकं आहे तसं दोन्ही हातांनी धरून ठेवा. डोक्याला लागलेल्या पण ही लक्षणं नसलेल्या मुलांनी एक-दोन दिवस शांत राहावं, मोबाईल कमी पाहावा. मग आधी वर्गात, नंतर मैदानात: चालणं, पळणं, एकट्याने बॉल, संघाबरोबर पण बिनधक्क्याचा सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. शाळकरी मुलांत सगळं धरून दोन आठवड्यांच्या आत सामन्याची घाई नको.

धक्का न लागता कोसळला तर

हृदय थांबलं असंच धरून चाला. सुरुवातीला हातपाय झटकतात, आचके देत श्वास घेतल्यासारखं वाटतं. लोक म्हणतात फीट आली, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात अनमोल मिनिटं जातात. हाकेला उत्तर नाही आणि नीट श्वास नाही, एवढं पुरे. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला. जवळपास एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असेल तर लगेच आणवा, काय करायचं ते ते स्वतःच बोलून सांगतं.

घोटा

सगळ्यात जास्त येणारी दुखापत, आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारीही. पाय मुरगळला की कुणीतरी तेल घेऊन चोळायला बसतं. पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेक दोन्ही नको; आतला रक्तस्राव वाढतो. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वरच्या दिशेला. बोटं निळी पडली तर सैल करा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे हवाच, ‘हाड बसवणाऱ्याकडे’ जाऊ नका. परत खेळायच्या आधी त्याच पायावर ३० सेकंद तोल, दहा उड्या आणि इंग्रजी आठच्या आकारात पूर्ण वेगाने धावणं, तेही न लंगडता.

गुडघ्या-घोट्यांच्या दुखापती टाळायला फिफाचा ‘११+’ वॉर्मअप आहे: ८ मिनिटं धावणं, १० मिनिटं ताकद-तोल-उड्या, २ मिनिटं वेगाने धावणं. आठवड्यातून निदान दोनदा. उडीवरून उतरताना गुडघे आत वळतात का ते पाहा, विशेषतः मुलींचे; त्यांच्यात गुडघ्याचा लिगामेंट तुटण्याचा धोका जास्त असतो. वेळ कमी म्हणून मधली दहा मिनिटं गाळली जातात. खरा उपयोग त्यांचाच.

वीज आणि चिखल

मे आणि ऑक्टोबरमधल्या दुपारच्या गडगडाटात नियम एकच: गडगडाट ऐकला की सगळे पक्क्या इमारतीत, झाडाखाली नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणी बाहेर यायचं नाही. रेफ्रीची वाट बघू नका.

पावसाळ्यात ओले बूट वर्तमानपत्र कोंबून वाळवा, मोजे रोज बदला, नाहीतर नायटा सगळ्या संघात फिरतो. लाल मातीत खरचटलेलं लगेच साबण-पाण्याने धुवा, खडे निघेपर्यंत, हळद नंतर. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेली असावी. चिखलात खेळल्यानंतर एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं झालं तर लेप्टोचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) संशय घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना ‘अंगावर जखम असताना साचलेल्या पाण्यात खेळला होता’ हे पहिल्या वाक्यात सांगायला पालकांना बजावा.