क्रोमाफिन पेशीत बीके करंट मोजताना या चुका टाळा

अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातल्या क्रोमाफिन पेशींत अ‍ॅक्शन पोटेन्शिअल (पेशीतला विजेचा क्षणिक ठोका) खाली उतरवण्याचं बरंच काम बीके चॅनेल करतात; हे कॅल्शियम आणि व्होल्टेजने उघडणारे पोटॅशियम चॅनेल. पॅच क्लॅम्पवर (काचेच्या बारीक नळीने पेशीचा करंट मोजण्याच्या पद्धतीत) मात्र हा करंट कधी दिसतच नाही, कधी दर पेशीत निराळा दिसतो. दोष बहुधा पेशीचा नसतो. आतल्या कॅल्शियमचा हिशेब चुकलेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती −८० वरून थेट +८० मिलिव्होल्टवर मारलेली उडी. बीकेला व्होल्टेजसोबत आत कॅल्शियमही लागतं आणि +८० ला ते आत ओढणारा जोर फारसा उरत नाही. आधी ० ते +१० मिलिव्होल्टवर थांबून कॅल्शियम भरू द्या, मग +८० ला जा. थांबण्याचा वेळ एकच ठेवू नका: ५, २०, ५०, २०० मिलिसेकंद अशी मालिका घ्या. वेळ कमी पडला तर कॅल्शियम अपुरं, जास्त झाला तर चॅनेल निष्क्रिय होऊ लागतात. तीच मालिका कॅल्शियमची आत येण्याची वाट अडवणाऱ्या २०० मायक्रोमोलर कॅडमियममध्ये चालवून वजाबाकी करा. उरलेल्यात एसके या कॅल्शियमवर चालणाऱ्या दुसऱ्या पोटॅशियम चॅनेलचाही वाटा असतो, तो २०० नॅनोमोलर अ‍ॅपामिन या एसके-ब्लॉकरने वेगळा काढा.

करंट शिखर गाठून घसरला की 'रनडाउन' (मोजता मोजता करंट आपोआप मावळणं) म्हणून मोकळं होऊ नका. उंदराच्या बऱ्याच क्रोमाफिन पेशींत बीटा-२ उपघटकामुळे बीके काही डझन मिलिसेकंदांत निष्क्रिय होतं: या उपघटकाची शेपटी आतून चॅनेल बुजवते. काहींत ते टिकून राहतं. दोन्ही प्रकारांची सरासरी काढली तर हाती येणारा आलेख कुठल्याच पेशीचा नसतो. खात्रीसाठी इनसाइड-आउट पॅच (आतली बाजू बाहेरच्या द्रावणाकडे असलेला पटलाचा तुकडा) घ्या, कॅल्शियम १० मायक्रोमोलर ठेवा, −१४० वरून +१०० ला जा आणि आतल्या बाजूला ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम द्या. निष्क्रियता गेली आणि परत आली नाही, तर ती बीटा-२ सारख्या शेपटीचीच. ट्रिप्सिन बाहेरून देऊन हे दिसणार नाही.

हे १० मायक्रोमोलर कॅल्शियम ईजीटीए या कॅल्शियम धरणाऱ्या बफरने बनवायला जाऊ नका. तिथे तो जवळपास भरलेला असतो, बफर म्हणून निकामी. कॅल्शियम जरा सैल धरणारा एचईडीटीए वापरा. ईजीटीए १ मायक्रोमोलरच्या खाली चांगला, पण कॅल्शियम धरताना तो दोन प्रोटॉन सोडतो. म्हणून पीएच कॅल्शियम घातल्यावरच लावा. पीएच ०.१ ने घसरला तरी मुक्त कॅल्शियम सुमारे दीडपट होतं.

सिरीज रेझिस्टन्सकडे (नळी आणि पेशी यांच्यातल्या वाटेच्या रोधाकडे) दुर्लक्ष होतं, कारण पेशी लहान असते. पण करंट लहान नसतो: ४ नॅनोअँपिअर गुणिले १० मेगाओम म्हणजे ४० मिलिव्होल्टची चूक, तुमचे +८० प्रत्यक्षात +४०! ८० टक्के भरपाई केली तरी ८ मिलिव्होल्ट उरतातच.

ब्लॉकरही फसवतात. पॅक्सिलिन हा बीके-ब्लॉकर बंद चॅनेलला जास्त धरतो. भरपूर कॅल्शियम आणि उंच व्होल्टेजवर त्याचा परिणाम कमी दिसतो, म्हणजे चॅनेल बीके नाही असं नव्हे. इबेरिओटॉक्सिन हा दुसरा बीके-ब्लॉकर द्रावण नेणाऱ्या नळीला चिकटतो, म्हणून द्रावणात ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाला.

आणि ब्लॉकर दिला की फायरिंग (अ‍ॅक्शन पोटेन्शिअलची वारंवारता) वाढलंच पाहिजे, असं गृहीत धरू नका. बीके व्होल्टेज लवकर खाली ओढतं म्हणून ठोका सुरू करणारे सोडियम चॅनेल सावरतात. ते बंद केलं की पेशी वरच्या व्होल्टेजवरच अडकून काही ठिकाणी फायरिंग घटतंही.