तलावाच्या तुडुमाचा इतिहास कसा नोंदवायचा

मामा तलाव, म्हणजे विदर्भातला माजी मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या काळातला) तलाव, कोणी बांधला हे सांगणारे गावात पाच जण भेटतात. पाणी कोणत्या भोकातून सुटायचं आणि आधी कोणाच्या बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) जायचं, हे सांगणारा एखादाच. ही माहिती तुडुमात असते. तुडूम म्हणजे पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) पोटातून नहरेत, म्हणजे कालव्यात, पाणी सोडणारी मोरी आणि तिची दारं. दुरुस्तीचं सिमेंट एकदा थापलं की त्यातलं काही वाचता येत नाही, म्हणून कामाची सुरुवात तुडुमापासून करा. कागद नंतरही मिळतात.

एप्रिलअखेर ते मे हा काळ बरा, तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं. एकट्याने जाऊ नका. वरून भेगाळलेला गाळ खाली मांडीभर ओला असतो, पाय टाकण्याआधी काठीने चाचपा. मोरीच्या आत शिरायचं नाही. हवा कोंडलेली असते आणि साप असतात. पाणी चालू असलेल्या भोकाला हात लावायचा नाही, ओढीने तो आत अडकतो.

सोबत 30 मीटरचा टेप, 15 मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी, खडू आणि केसांचा ब्रश घ्या. तारेच्या ब्रशने जुना चुना निघून जातो.

शून्य कुठे धरायचा

सलंगाच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या भिंतीच्या, माथ्यावर. पूर्ण भरलेल्या तलावाचं पाणी तिथूनच वाहून जातं. बरेच जण गाळापासून वर मोजतात, पण गाळ दरवर्षी वाढतो आणि उपसला की एकदम उतरतो. नळीत पाणी भरून तिने सलंगाची पातळी तुडुमापर्यंत आणा, खडूची रेघ मारा आणि तिथून प्रत्येक भोकाच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर लिहा. त्याआधी नळीची दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का बघा; आत बुडबुडा अडकला असेल तर येत नाही, आणि मग सगळीच मापं खोटी.

सलंग स्वतःही बदललेला असू शकतो. माथ्याखाली आडवा सांधा दिसला आणि वरचा थर वेगळ्या मालाचा असला, तर भिंत नंतर उंचावली आहे. तेव्हा जुना माथा आणि नवा माथा दोन्ही नोंदवा.

भोकं काय सांगतात

पायऱ्यापायऱ्यांचं तुडूम असेल तर एकाखाली एक भोकं असतात आणि त्यांत लाकडी दट्टे, म्हणजे बुचं. पाणी जसं उतरेल तसं वरून खाली एकेक उघडायचं. कारण दाबाचं आहे. 15 सेंमी गोल भोकावर मध्यापासून 1 मीटर पाणी असेल, तर सेकंदाला साधारण 47 लिटर बाहेर पडतात. 4 मीटर असेल तर दुप्पट. त्या 47 लिटरच्या धारेने एक एकर बांधीत 5 सेंमी पाणी चढवायला, मधली गळती सोडली तर, सव्वा तासाच्या आत-बाहेर लागतो. भोकाचा व्यास आणि खोली हाती असली की म्हातारे सांगतात ती पाणी घेण्याची पाळी खरोखर पुरत होती का, हे असं ताडून बघता येतं.

चाकाचं गेट असेल तर दांडी नीट बघा. 30 सेंमी चौरस दारावर 3 मीटर पाणी म्हणजे 270 किलो दाब. ते नुसत्या हाताने ओढून निघत नाही, म्हणून आट्यांची दांडी आली. ती वाकलेली असेल तर दाराखाली दगड किंवा फांदी अडकली असताना कोणीतरी जोर लावून चाक खाली फिरवलं, असं बहुधा समजावं. ओतीव लोखंडावर उठावाची अक्षरं असतात. खडू आडवा घासून फोटो काढा.

जोडकामाचं वय ताडताना एक चूक हमखास होते. लिंबू पिळलं की फेस येतो, म्हणून चुना ठरवतात. जुन्या सिमेंटलाही फेस येतो. त्यापेक्षा नखाने खरवडा. चुन्यात पांढऱ्या गाठी आणि सुरखीचे (विटांच्या भुकटीचे) लालसर कण दिसतात, सिमेंट राखी आणि टणक असतं. भिंतीची जाडीही मोजा. 91 सेंमी भरली तर ती 3 फूट धरून बांधली आहे, 90 भरली तर मीटरच्या हिशेबाने. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, तेव्हा बरोबर 90 चं बांधकाम बहुधा त्यानंतरचं. गिलावा मात्र मापातून वजा करा.

आता कागद

सर्वांत मोलाचा कागद वाजिब-उल-अर्ज. गावाच्या वहिवाटी त्यात लिहिलेल्या असतात. ‘आबपाशी’ (सिंचन) हा शब्द शोधा: आधी कोणाला पाणी, पाट कोणी साफ करायचा, हे तिथे सापडू शकतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्येही कलम 165 खाली अशी नोंद ठेवायची तरतूद आहे आणि ते प्रकरण फक्त विदर्भाला लागू आहे. निस्तार पत्रक, म्हणजे गावातली मोकळी जमीन कोणी कशी वापरायची याची नोंद, त्याच्या जोडीला मागा. मालगुजारी 1951 मध्ये गेली, म्हणून त्याच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही दफ्तरं बघावी लागतात.

नकलेच्या अर्जात मौजा, जुनी तहसील आणि तलावाचा खसरा (भूमापन) नंबर लिहा. अर्ज बहुतेक वेळा अडकतो तो जिल्ह्यापायी. गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून आणि गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, त्यामुळे जुनं दफ्तर जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी असू शकतं. चंद्रपूरचं नाव जुन्या कागदांत ‘चांदा’ असतं.

माणसांना विचारताना

नहरेच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याकडे आधी जा. तोंडाशी शेत असलेल्याला पाणी नेहमीच मिळालं, त्यामुळे त्याला आठवायला फारसं काही नसतं. साल विचारू नका, नक्षत्र विचारा: हस्तात कोणतं भोक उघडायचं, भारी (उशिरा पिकणाऱ्या) धानाला शेवटचं पाणी कधी, रोवणी (धानाची लावणी) अडली तेव्हा कोण तुडुमावर बसायचं. 1972 च्या दुष्काळाच्या आधी की नंतर, एवढं विचारलं की साल जवळपास हाती येतं.

शेवटी एका कागदावर तुडुमाचा उभा छेद काढा आणि सलंगापासूनची मापं त्यावर टाका. प्रत्येक नोंदीपुढे मोजलं, कागदात वाचलं की ऐकलं, ते लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, दुसरी दुरुस्तीचं अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याला द्या; जुनी भोकं कुठे आहेत हे त्याला माहीत नसेल तर पहिल्याच दिवशी ती बुजतात.