वजनकाटा आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं मधूनच कसं ऐकावं

वेंगुर्ल्याचा काजू कारखाना असो की मिरकरवाड्याची जेटी, वजन स्क्रीनवर येईनासं झालं की आधी केबल बदलतात, मग काट्याला दोष देतात. त्यापेक्षा सीरियल लाईन, म्हणजे काट्याकडून कॉम्प्युटरकडे एकेक बिट करून डेटा नेणारी तार, ऐका. चूक कोणाची ते तिथेच कळतं.

केबल काढा. मल्टिमीटरची काळी तार ९ पिनी पोर्टच्या ५ नंबरवर ठेवून २ आणि ३ मोजा. जिथे उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसतील ती त्या यंत्राची बोलायची पिन, शून्याच्या आसपास दिसेल ती ऐकायची. काटा आणि कॉम्प्युटर, दोन्हींच्या पोर्टवर हे करा. पिना कळकलेल्या असतील तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासा. खाऱ्या हवेत निम्मे दोष इथेच मिटतात.

आता नऊच्या नऊ तारा सरळ जोडणारा मधला डबा करा आणि त्यातून २, ३ आणि ५ च्या फाट्या बाहेर काढा.

खरी गोम पुढे आहे. या फाट्यांवर थेट एलईडी लावा किंवा दुसरं यूएसबी-सीरियल अडॅप्टर जोडा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. आरएस-२३२ चा, म्हणजे या ९ पिनी पोर्टच्या सिग्नल पद्धतीचा, प्रत्येक रिसीव्हर लाईनवर ३ ते ७ किलोओहमचा भार टाकतो. दुसरा जोडला की भार दुप्पट होतो, आणि पोर्टमधूनच वीज चोरून चालणाऱ्या यंत्राचा सिग्नल बसतो. म्हणजे तपासणीच नवा बिघाड तयार करते.

त्याऐवजी २ आणि ३ या दोन्ही तारांना एकेक बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावा. लाईनपासून ४७ किलोओहमचा रेझिस्टर बेसला, एमिटर ५ नंबरला, कलेक्टर ४.७ किलोओहममधून यूएसबी-टीटीएल बोर्डच्या (ऐकणाऱ्या लॅपटॉपच्या यूएसबीत लागणारं छोटं सीरियल बोर्ड) ३.३ व्होल्टला. कलेक्टरवरूनच बोर्डच्या आरएक्सला (ऐकायच्या पिनला) तार न्या. बोर्डची टीएक्स (बोलायची पिन) मोकळी ठेवा, ग्राउंड ५ नंबरला जोडा. बोर्डला लाईनच्या उलटा सिग्नल लागतो; तो उलटा करायचं कामही हाच ट्रान्झिस्टर करतो, वेगळी चिप लागत नाही.

१एन४१४८ डायोड मात्र वगळू नका: पट्टीची बाजू बेसला, दुसरी एमिटरला. लाईन रिकामी असताना उणे व्होल्टेजवरच असते. डायोड नसेल तर ते बेसवर येतं आणि ट्रान्झिस्टर हळूहळू निकामी होतो. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सोल्डरचा चिकट फ्लक्स धुऊन वर वॉर्निश मारा, नाहीतर पावसाळ्यात बोर्ड हिरवं पडेल.

जोडताना लॅपटॉपचा चार्जर काढलेलाच हवा. दोन अर्थिंगमधला फरक ५ नंबरच्या तारेतून वाहिला तर पोर्ट जळतो.

दोन बोर्ड, पुटीच्या (सीरियल पोर्टवर येणारी अक्षरं दाखवणारा प्रोग्रॅम) दोन खिडक्या. वेग (बॉड रेट, सेकंदाला किती बिट) ९६०० पासून खाली ४८००, २४००, १२०० लावून बघा. सगळाच कचरा दिसला तर वेग चुकला. ०, ३, ५, ६, ९ नीट आणि १, २, ४, ७, ८ विचित्र दिसत असतील तर काटा ७ बिट, इव्हन पॅरिटीवर (अक्षराचे सात बिट आणि चूक पकडायला एक जादा बिट) आहे. कॉम्प्युटरची सेटिंगही तीच करा. कॉम्प्युटरचा प्रश्न जातोय पण उत्तरच नाही, तर आधी काट्याच्या मेनूत बघा: तो मागितल्यावर वजन देतो, सतत पाठवतो, की प्रिंटचं बटण दाबल्यावरच.