सायलेन्सर बदलल्यावर बुलेटचा कार्ब्युरेटर असा लावला

गाडी जुनी बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, व्हीएम २४ मिककार्ब कार्ब्युरेटर (इंजिनला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारा भाग). मोकळा सायलेन्सर बसवल्यापासून थ्रॉटल सोडला की फटाके वाजायचे आणि अर्ध्या थ्रॉटलवर गाडी अडखळायची. स्पार्क प्लग काढला तर पांढराफटक. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

आधी सायलेन्सरचा जोड तपासला. तिथून हवा ओढली गेली तरी फटाके वाजतात आणि माणूस उगाच जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र) बदलत बसतो. जोड घट्ट होता. मग स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा कार्ब्युरेटरचा भाग) बाहेर काढून तिच्यातल्या सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली. क्लिप खाली गेली की सुई वर राहते आणि साधारण पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत पेट्रोल वाढतं. अडखळणं तिथेच थांबलं. फुल थ्रॉटलसाठी मेन जेट एक नंबर मोठा टाकला. एअर स्क्रू (आयडलिंगची, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालतं तेव्हाची हवा कमी-जास्त करणारा) मात्र इंजिन चांगलं तापल्यावरच फिरवा. आत घेतला की मिश्रण दाट होतं. आयडलिंग सगळ्यात जास्त चढलं तिथे तो ठेवला आणि आयडल स्क्रूने आरपीएम उतरवले.

मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटलला क्लच दाबून इंजिन बंद केलं, प्लग पाहिला: छान बदामी, म्हणजे मिश्रण बरोबर! मायलेज थोडं उतरलंय, पण चढावर इंजिन आता ठणठणत नाही.