गुंतवणुकीचे आकडे वाचताना या चुका टाळा

देशातली गुंतवणूक वाढली का, असं विचारलं की चांगली शिकलेली माणसंही शेअर बाजाराकडे बोट दाखवतात. शेअर घेतला की मालक बदलतो, देशात नवं काही उभं राहत नाही. जमीन किंवा जुना ट्रॅक्टर घेतला तरी तेच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गुंतवणूक म्हणजे भांडवल निर्मिती. त्यात नवी इमारत, रस्ता, यंत्र, सॉफ्टवेअर हे स्थिर भांडवल येतं आणि वर्षभरात मालाच्या साठ्यात झालेला बदल येतो. सोन्यासारख्या मौल्यवान वस्तूंची ओळ वेगळी असते.

गुंतवणुकीच्या करारांचे आकडेही यात मिळवू नका. दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत सही झाली म्हणून कारखाना उभा राहत नाही. अर्थसंकल्पातला भांडवली खर्चही जसाच्या तसा उचलू नये. 2024-25 साठी केंद्राने 11,11,111 कोटी रुपये ठेवले होते, पण त्यात राज्यांना द्यायची कर्जंही धरलेली होती.

सर्वात जास्त गोंधळ साठ्यात होतो. 31 मार्चला साखर कारखान्याच्या गोदामात जाऊन बघा. हंगाम नुकताच आटोपलेला, पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या. ही न विकलेली साखर यंदाचं उत्पादन आहे, म्हणून साठ्यातली वाढ गुंतवणुकीत धरतात. पुढच्या वर्षी हीच साखर विकली गेली की साठ्यातून वजा होते. दरवर्षी अख्खा साठा मोजला तर एकच पोतं दोनदा मोजलं जाईल. मोजायचा तो फक्त फरक.

आता भावाचं बघा. समजा, वर्षाच्या सुरुवातीला 1 लाख क्विंटल साखर होती, भाव 3,400 रुपये. वर्षअखेरीलाही 1 लाख क्विंटलच, पण भाव 3,600. ताळेबंदात 2 कोटी वाढलेले दिसतील. भांडवल निर्मिती मात्र शून्य, कारण एक पोतंही वाढलेलं नाही. महागाईच्या वर्षी ही चूक फार महागात पडते. आणि साठा वाढला म्हणजे धंदा जोरात, असंही समजू नका. माल उठत नसला तरी साठा वाढतोच.

शेतीत तर नीट बघावं लागतं. दुभती म्हैस आणि वर्षानुवर्षं फळ देणारं आंब्याचं झाड हे स्थिर भांडवल. मांसासाठी पाळलेला बोकड आणि शेतात उभा ऊस साठ्यात.

गुंतवणूक जीडीपीच्या किती टक्के, हे गुणोत्तर काढताना चालू किमतींचा, म्हणजे त्या त्या वर्षीच्या भावाने काढलेला आकडा चालू किमतींच्या जीडीपीनेच भागा. 2011-12 मध्ये स्थिर भांडवल निर्मिती जीडीपीच्या सुमारे 34 टक्के होती; तुलना करायची तर त्याच मालिकेतला, म्हणजे तेच आधारवर्ष असलेला आकडा घ्या. हा आकडा स्थूल आहे, घसारा, म्हणजे यंत्रं-इमारतींची झीज, वजा केलेला नाही. आणि परदेशातून आणलेलं यंत्र गुंतवणुकीत येतं खरं, पण जीडीपी काढताना आयात म्हणून वजाही होतं. तेवढ्याने जीडीपी वाढत नाही.